काचबिंदूचे थेंब डोळ्यात, त्रास अंगभर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

काचबिंदूचे, म्हणजे डोळ्यातला दाब उतरवणारे, थेंब एकदा सुरू झाले की बहुतेकांना ते वर्षानुवर्षं टाकावे लागतात. डोळा लाल होणं, चुरचुरणं, पापणीभोवती काळपट होणं हे त्रास आरशात दिसतात, त्यामुळे रुग्ण ते स्वतःहून सांगतो. इथे घेतलेले त्रास वेगळे आहेत. ते छातीत, डोक्यात, पायांत जाणवतात आणि त्यांचा संबंध डोळ्याच्या बाटलीशी सहसा कोणी लावत नाही. फिजिशियनने "कोणती औषधं चालू आहेत?" असं विचारलं की आपण बीपीची गोळी सांगतो, शुगरची सांगतो, थेंब मात्र राहून जातात. या पानाचा निम्मा मुद्दा तिथेच आहे.

डोळ्यात टाकलेला थेंब छातीपर्यंत पोचतो कसा?

नाकातून. बाटलीतून पडणारा थेंब साधारण ३० ते ५० मायक्रोलिटरचा असतो. डोळ्यात एरवी ७ ते १० मायक्रोलिटर अश्रू असतात आणि फार तर ३० मायक्रोलिटरच्या आसपास द्रव मावतो. उरलेलं औषध गालावर ओघळतं, नाहीतर पापण्यांच्या आतल्या कोपऱ्यातल्या दोन बारीक छिद्रांतून अश्रुनलिकेत आणि तिथून नाकात उतरतं. रडताना नाक वाहतं ते याच वाटेनं. प्रत्येक वेळी पापणी मिटली की ही नलिका पंपासारखी द्रव ओढून घेते. म्हणून थेंब टाकल्यावर डोळे मिचकावत बसणं म्हणजे औषध स्वतःच्या हातानं नाकात ढकलणं.

नाकाच्या आतल्या त्वचेत रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं. तिथून औषध काही मिनिटांत रक्तात जातं. गोळी पोटातून आधी यकृतात जाते आणि तिथे तिचा बराच भाग निष्प्रभ होतो. नाकातून गेलेल्या औषधाला हा टोलनाका लागत नाही. डोळ्याच्या आत प्रत्यक्षात पोचतं ते मूळ थेंबाच्या जेमतेम १ ते ५ टक्के.

एवढ्याशा थेंबात औषध असतं तरी किती?

टिमोलॉल हे काचबिंदूच्या थेंबांतलं नेहमीचं औषध, हृदयाचे ठोके मंद करणाऱ्या बीटा-ब्लॉकर गटातलं. ०.५ टक्के टिमोलॉलचा हिशेब करू. १ मिलिलिटरमध्ये ५ मिलिग्रॅम, म्हणजे एका थेंबात सुमारे ०.१५ ते ०.२५ मिलिग्रॅम. दोन्ही डोळ्यांत दिवसातून दोनदा टाकलं तर रोजचं ०.६ ते १ मिलिग्रॅम होतं. रक्तदाबासाठी हेच औषध गोळीच्या रूपात १० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देत असत. थेंबातली मात्रा गोळीच्या मानानं थोडी आहे हे खरं, आणि निरोगी माणसाला ती बहुधा जाणवतही नाही. पण दमेकऱ्याच्या श्वासनलिकेला किंवा आधीच मंद चालणाऱ्या हृदयाला तेवढी पुरते. शिवाय प्रत्येक वेळी दोन-दोन थेंब टाकणाऱ्यांची संख्या कमी नाही.

माझ्या थेंबात टिमोलॉल आहे का, हे कसं ओळखायचं?

बाटलीवरच्या मोठ्या अक्षरांतल्या नावाखाली बारीक अक्षरांत घटक लिहिलेले असतात. तिथे 'टिमोलॉल' किंवा 'टिमोलॉल मॅलिएट' शोधा. अक्षर लागत नसेल तर मोबाईलवर फोटो काढून मोठा करून बघा किंवा केमिस्टला विचारा. काचबिंदूची बहुतेक जोडऔषधं (एकाच बाटलीत दोन औषधं) टिमोलॉल घालूनच बनवलेली असतात: ब्रिमोनिडिन, डॉर्झोलामाइड, ब्रिन्झोलामाइड, लॅटानोप्रॉस्ट, ट्रॅव्होप्रॉस्ट, बिमॅटोप्रॉस्ट, यांतल्या प्रत्येकाबरोबर टिमोलॉलची जोडी मिळते. ब्रिन्झोलामाइड आणि ब्रिमोनिडिन ही जोडी टिमोलॉलशिवाय येते, दमेकऱ्यांना म्हणूनच ती उपयोगी पडते.

नेहमी होणारा घोळ असा: दाब पुरेसा उतरला नाही म्हणून साध्या औषधाऐवजी जोडऔषध लिहून दिलं जातं. बाटली तशीच दिसते, नावही जवळपास तेच असतं, आणि आपल्याला आता टिमोलॉल सुरू झालंय हे रुग्णाच्या लक्षातच येत नाही. बाटली बदलली की घटक पुन्हा वाचायचे.

टिमोलॉल कोणाला चालत नाही?

दमा असलेल्यांना किंवा पूर्वी दमा होऊन गेलेल्यांना. सीओपीडी (श्वास अडवणारा फुप्फुसांचा जुनाट आजार) जास्त असलेल्यांना. नाडी मुळातच फार मंद असलेल्यांना. ईसीजीमध्ये दुसऱ्या किंवा तिसऱ्या दर्जाचा हार्ट ब्लॉक (ठोक्याचा विद्युत संदेश हृदयात अडणं) असलेल्यांना. आणि हार्ट फेल्युअर काबूत नसलेल्यांना. लहानपणी दमा होता, आता वीस वर्षांत काही नाही, अशांनीही ते सांगायलाच हवं. मायस्थेनिया (स्नायू लवकर थकण्याचा आजार) असेल तर स्नायूंची कमजोरी वाढू शकते. थायरॉईड वाढलेला असेल तर छातीतली धडधड दबून जाते आणि आजार लपतो.

बीटॅक्सोलॉल हे याच गटातलं औषध मुख्यतः हृदयावर काम करतं आणि श्वासनलिकेवर त्याचा परिणाम कमी होतो. कमी होतो म्हणजे शून्य नाही, त्यामुळे दमेकऱ्यानं तेही आपल्या मर्जीनं घेऊ नये.

मला दमा कधीच नव्हता. तरी थेंब सुरू झाल्यापासून जिना चढताना धाप लागते. संबंध असेल?

असू शकतो. ब्रिटनमध्ये २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पूर्वी श्वसनाचा काहीही त्रास नसलेले वयस्कर लोक घेतले होते. बीटा-ब्लॉकर थेंब सुरू केल्यावर वर्षभरात दर ५५ जणांमागे एका जादा माणसाला श्वासनलिका आवळल्याचा त्रास झालेला दिसला. संख्या लहान वाटते, पण थेंब घेणारे लाखो आहेत. त्यातून हा त्रास हळूहळू वाढतो, आणि सत्तरीच्या माणसाला धाप लागली की घरातले "वय झालं" म्हणून मोकळे होतात.

तारखा जुळवून बघा. थेंब कधी सुरू झाले, खोकला किंवा धाप कधीपासून आहे, रात्री घरघर होते का, हे कागदावर लिहून काढा. शंका असेल तर स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकर मारून करायची फुप्फुसांची तपासणी, करून घेता येते. घरी पीक-फ्लो मीटर (श्वास सोडण्याचा जोर मोजणारं उपकरण) असेल तर थेंब चालू असतानाचे आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानं बदलल्यानंतरचे आकडे शेजारी-शेजारी ठेवले की चित्र बरंच स्पष्ट होतं.

दम्याचा पंप ओढला तरी आराम पडत नाही, असं का?

सालब्युटॅमॉलचा पंप श्वासनलिकेतल्या ज्या जागी चिकटून ती सैल करतो, नेमकी तीच जागा टिमोलॉल अडवून बसतं. किल्ली बरोबर असूनही कुलपात आधीच दुसरी किल्ली अडकलेली असते. म्हणून असा झटका नेहमीच्या पंपानं लवकर ओसरत नाही. इप्राट्रोपियम हे श्वासनलिका सैल करणारं दुसरं औषध वेगळ्या वाटेनं काम करतं, त्यामुळे इस्पितळात ते वापरलं जाऊ शकतं. पण डॉक्टरांना कारण कळलं तरच त्यांना ते सुचेल. इमर्जन्सीमध्ये पोचल्यावर पहिल्या वाक्यात सांगा: "काचबिंदूसाठी टिमोलॉलचे थेंब चालू आहेत."

नाडी किती असावी? घरी कशी मोजायची?

पाच मिनिटं शांत बसा. अंगठ्याच्या मुळाखाली, मनगटावर दुसऱ्या हाताची दोन बोटं ठेवा आणि पूर्ण ६० सेकंद मोजा. १५ सेकंद मोजून चारनं गुणलं तर ठोके अनियमित असताना आकडा चुकतो. थेंब सुरू करण्याआधी तीन-चार दिवस आणि सुरू केल्यावर दोन आठवडे रोज एकाच वेळी मोजा. आधी ७५ असणारी नाडी ६५ झाली आणि बरं वाटत असेल, तर तेवढं चालतं. विश्रांतीत ५० च्या खाली गेली, किंवा ६० च्या खाली असून चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, जास्तीचा थकवा असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. रात्री लघवीला उठताना तोल जाणं हीही खूणच आहे. काचबिंदूच्या रुग्णाला आधीच बाजूचं नीट दिसत नाही, त्यात बीपी उतरलं की पडणं फार दूर नसतं.

टिमोलॉल रात्री टाकावं की सकाळी?

दिवसातून एकदाच सांगितलं असेल तर सकाळी. टिमोलॉल डोळ्यातलं पाणी तयार होणं कमी करतं, आणि झोपेत ते मुळातच कमी झालेलं असतं. त्यामुळे रात्रीच्या थेंबाचा डोळ्याला फायदा थोडा. उलट रात्री शरीराचा रक्तदाब उतरलेला असतो, तो आणखी उतरला तर डोळ्याच्या नसेला रक्तपुरवठा कमी पडण्याची भीती असते. दोनदा लिहून दिलं असेल तर स्वतःहून एकदा करू नका, पण "एकदाचं जेल चालेल का?" हे जरूर विचारा. टिमोलॉलचं जेल, म्हणजे घट्टसर रूप, दिवसातून एकदाच लागतं.

मधुमेह आहे. साखर उतरली तर कळेल का?

कळायला उशीर होऊ शकतो. साखर उतरताना हात थरथरणं आणि छाती धडधडणं या दोन सूचना बीटा-ब्लॉकर दाबून टाकतं. घाम मात्र येतोच. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांनी अचानक घाम सुटला, गरगरलं किंवा बोलणं अडखळलं तर धडधडीची वाट न बघता लगेच ग्लुकोमीटर लावावा.

थेंबांमुळे उदास वाटू शकतं का? थकवा?

थकवा, निरुत्साह, विचित्र स्वप्नं, एकाग्रता कमी होणं या तक्रारी टिमोलॉलबरोबर नोंदलेल्या आहेत. पुरुषांमध्ये लैंगिक दुर्बलताही. ती तर नेत्रतज्ज्ञाला कोणी सांगतच नाही आणि नेत्रतज्ज्ञही विचारत नाही. नैराश्याबाबत अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. काचबिंदूचं निदान हेच मुळात मन खचवणारं असतं, त्यामुळे दोष औषधाचा की आजाराचा हे वेगळं करणं अवघड. तरीही थेंब सुरू झाल्यावर काही आठवड्यांत माणूस बदलला असेल तर औषध बदलून बघायला हरकत नसते. पर्याय आहेत.

ब्रिमोनिडिन टाकल्यावर आईला दुपारभर झोप येते. हे बरोबर आहे का?

हा या औषधाचा ओळखीचा परिणाम आहे. ते मेंदूपर्यंत पोचतं आणि गुंगी आणतं. त्याबरोबर तोंडाला कोरड पडते, काहींचं बीपी उतरतं. कोरड इतकी असते की घरात मधुमेह असेल तर साखर वाढली अशी समजूत होते. अल्प्राझोलमसारखी झोपेची गोळी, अ‍ॅलर्जीच्या झोप आणणाऱ्या गोळ्या किंवा दारू यांबरोबर गुंगी वाढते. सुरुवातीच्या दिवसांत थेंबानंतर गाडी चालवू नये. पार्किन्सनसाठी सेलेजिलीन किंवा रासाजिलीन चालू असेल तर ब्रिमोनिडिन लिहून घेण्याआधी ते सांगा.

लहान मुलांना ब्रिमोनिडिन चालतं का?

दोन वर्षांखालील बाळाला अजिबात नाही. बाळाचा श्वास मंदावतो, कधी थांबतो. नाडी आणि अंगाचं तापमान उतरतं, ते बेशुद्ध होऊ शकतं. त्यापुढच्या लहान वयातही मुलं पेंगुळतात, म्हणून डॉक्टर शक्यतो दुसरं औषध शोधतात.

याहून जास्त धोका आजोबांच्या बाटलीचा आहे. ती उशाशी, टीव्हीच्या टेबलावर, देव्हाऱ्याच्या कडेला पडलेली असते. नातवानं ती तोंडात पिळली तर थोडंसं औषधही त्याला गुंगीत नेऊ शकतं. मूल बाटली घेऊन सापडलं आणि पेंगत असेल तर उलटी काढायचा प्रयत्न करू नका. बाटली बरोबर घेऊन थेट इस्पितळात जा. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८.

थेंब टाकल्यावर तोंड कडू होतं. काळजीचं कारण आहे?

नाही. डॉर्झोलामाइड आणि ब्रिन्झोलामाइडनं हमखास असं होतं, सोडा किंवा कोल्ड्रिंक बेचव लागतं. पण हा कडवटपणा उपयोगी आहे. औषध नाकातून घशात उतरल्याची ती पावती आहे. खाली सांगितलेल्या पद्धतीनं कोपरा दाबल्यावर कडवटपणा आला नाही, तर तुमचं बोट बरोबर जागी आहे. तोच अंदाज मग टिमोलॉलसाठीही वापरा, कारण त्याला अशी चव नाही.

सल्फाची अ‍ॅलर्जी आहे. ही औषधं चालतील?

डॉर्झोलामाइड, ब्रिन्झोलामाइड आणि डायमॉक्सची गोळी ही रासायनिकदृष्ट्या सल्फा कुळातली आहेत. सल्फाच्या अँटिबायोटिकची अ‍ॅलर्जी असलेल्या प्रत्येकाला यांचाही त्रास होतो असं नाही. पण पूर्वीची अ‍ॅलर्जी किती तीव्र होती यावर निर्णय ठरतो. नुसती खाज आली होती की तोंडात फोड येऊन कातडी सोलली होती, हे तपशिलानं सांगा. दुसऱ्या प्रकारात ही औषधं टाळतात. थेंब सुरू असताना अंगभर चट्टे, ओठ-तोंडात फोड, ताप असं काही आलं तर पुढचा थेंब न टाकता इस्पितळ गाठा. मूत्रपिंडाचं काम फारच कमी झालेल्यांनाही ही औषधं सहसा देत नाहीत, तेव्हा ताजा क्रिएटिनिनचा रिपोर्ट फाईलमध्ये ठेवा.

डायमॉक्सच्या गोळीनं हातापायाला मुंग्या येतात.

येतातच. डायमॉक्स म्हणजे अ‍ॅसिटाझोलामाइड. थेंब पुरे पडत नाहीत किंवा दाब एकदम चढलेला असतो तेव्हा ती थोड्या दिवसांसाठी देतात. बोटांच्या टोकांना आणि ओठांभोवती मुंग्या, वारंवार लघवी, भूक मरणं, मरगळ ही तिची नेहमीची लक्षणं. जास्त दिवस घेतली तर रक्तातलं पोटॅशियम उतरतं, रक्ताची आम्लता वाढते, मुतखडा होऊ शकतो. मुतखड्याचा पूर्वेतिहास असेल, लिव्हर सिऱ्हॉसिस असेल, मूत्रपिंड निकामी होत आलं असेल किंवा मोठ्या मात्रेत अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर हे गोळी सुरू होण्याआधी बोलायचं. शहाळं आणि केळी पोटॅशियमसाठी चांगली खरी, पण मूत्रपिंडाच्या रुग्णानं ती विचारल्याशिवाय वाढवू नयेत. गोळी आणि याच गटातले थेंब सहसा एकत्र देत नाहीत. चिठ्ठीवर दोन्ही दिसले तर विचारून खात्री करा.

रात्री एकदा टाकायचे लॅटानोप्रॉस्टसारखे थेंब कितपत सुरक्षित?

बाकीच्या शरीराच्या दृष्टीनं हा गट सर्वांत सौम्य. रक्तात गेलेलं औषध फार लवकर मोडतं. क्वचित डोकेदुखी, अंग किंवा सांधे दुखणं, सर्दीसारखं वाटणं अशा तक्रारी येतात. दमेकऱ्यांना सहसा हेच आधी देतात. याचे खरे त्रास डोळ्यापुरतेच असतात, म्हणून ते इथे नाहीत.

पिलोकार्पिन आणि रिपासुडिल?

हेही काचबिंदूचेच थेंब. पिलोकार्पिन आता कमी वापरतात. काचबिंदूचा तीव्र झटका आल्यावर ते पुन्हा पुन्हा टाकलं गेलं तर घाम, लाळ, मळमळ, पोटात मुरडा, जुलाब, मंद नाडी असं एकदम होऊ शकतं. रिपासुडिल आणि नेटारसुडिल नवी आहेत, त्यांनी डोळा लाल होतो, बाकी शरीराच्या तक्रारी फारशा नाहीत.

थेंब टाकायची बरोबर रीत कोणती, म्हणजे औषध डोळ्यातच राहील?

हात धुवा. ब्रिन्झोलामाइडसारखं दुधाळ औषध असेल तर बाटली नीट हलवा. मान मागे टाकून बसा, हात कापत असेल तर आडवे व्हा. खालची पापणी खाली ओढून खिसा करा, वर बघा आणि एकच थेंब खिशात सोडा. बाटलीचं टोक पापणीला लागू देऊ नका. दुसरा थेंब "नीट पडला नसेल तर" म्हणून टाकायचा नाही, पहिला गालावर पडल्याचं कळलं तरच. डोळ्यात एकच मावत नाही, तिथे दुसरा कुठे जाणार?

मग डोळा हलकेच मिटा, घट्ट आवळू नका. तर्जनीचं टोक डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात, नाकाला लागून ठेवा आणि हाडाकडे दाबा. तिथे बोटाखाली बारीकशी मऊ उंचवटी लागते, ती अश्रूंची पिशवी. किमान २ मिनिटं दाबून ठेवा, टिमोलॉल आणि ब्रिमोनिडिनसाठी ३ ते ५ मिनिटं. या साध्या गोष्टीनं रक्तात जाणारं औषध निम्म्याहून जास्त कमी होतं आणि डोळ्यात ते जास्त वेळ टिकतं. दोन्ही डोळ्यांत थेंब असतील तर अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत दोन्ही कोपरे एकदम धरा.

चुका ठरलेल्या असतात. पहिली, चष्म्याची पॅड टेकतात तिथे, म्हणजे जरा वर दाबणं. तिथे नुसतं हाड आहे, नलिका नाही. दुसरी, बुबुळावर दाब देणं. तिसरी, अर्ध्या मिनिटात उठणं, कारण दोन मिनिटं वाटतात त्यापेक्षा बरीच लांब असतात. मोबाईलवर टायमर लावा. सांधे दुखत असल्यामुळे बोट धरवत नसेल तर नुसता डोळा मिटून ५ मिनिटं न मिचकावता पडून राहिलं तरी बराचसा फायदा मिळतो. शेवटी, डोळा उघडण्याआधी बाहेर ओघळलेलं औषध स्वच्छ कापडानं टिपा. दुसरं औषध असेल तर मध्ये किमान ५ मिनिटं जाऊ द्या.

बाटली किती दिवस पुरायला हवी?

हा हिशेब प्रत्येकानं करून बघावा. १ मिलिलिटरमध्ये साधारण २० ते ३० थेंब बसतात. ५ मिलिलिटरची बाटली म्हणजे १०० ते १५० थेंब. दोन्ही डोळ्यांत दिवसातून दोनदा, म्हणजे रोज ४ थेंब, तर बाटली २५ ते ३७ दिवस जावी. ती पंधरा दिवसांत संपत असेल तर प्रत्येक वेळी दोन-दोन थेंब पडताहेत आणि जादाचा भाग गालावर, नाहीतर नाकातून रक्तात चाललाय. उलट दोन महिने चालत असेल तर थेंब चुकताहेत. उघडलेली बाटली बहुतेक औषधांच्या बाबतीत चार आठवड्यांनी टाकून द्यायची असते, नेमकं वेष्टनावर बघा. बाटली उघडली ती तारीख पेननं लेबलवर लिहिली की दोन्ही प्रश्न सुटतात.

बीपीच्या किंवा इतर गोळ्यांशी थेंबांचं भांडण होतं का?

टिमोलॉलचं होतं. अ‍ॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, प्रोप्रॅनोलॉल या बीटा-ब्लॉकर गोळ्या चालू असतील तर नाडी आणि बीपी यांवर दुहेरी परिणाम होतो. गंमत म्हणजे डोळ्याचा दाब मात्र थेंबानं अपेक्षेइतका उतरत नाही, कारण गोळीनं तो थोडा आधीच उतरवलेला असतो. व्हेरापॅमिल, डिल्टियाझेम आणि डिगॉक्सिन या हृदयाच्या गोळ्यांबरोबर हृदयाचे ठोके धोकादायकरीत्या मंदावू शकतात. फ्लुओक्सेटिन आणि पॅरोक्सेटिन या नैराश्याच्या गोळ्या यकृतातलं टिमोलॉल मोडणारं यंत्र मंद करतात, त्यामुळे तेवढ्याच थेंबातून रक्तातलं औषध वाढतं. बीपीसाठीची क्लोनिडिनची गोळी टिमोलॉल चालू असताना अचानक बंद केली तर बीपी उसळतं.

गरोदरपणात आणि अंगावर पाजताना?

दिवस राहण्याचा विचार असेल तेव्हाच नेत्रतज्ज्ञाला सांगणं चांगलं, कारण त्या वेळी लेझरसारखा पर्याय निवांतपणे निवडता येतो. लॅटानोप्रॉस्टच्या गटाबाबत गर्भाशय आकुंचन पावण्याची सैद्धांतिक भीती असते. टिमोलॉलनं बाळाची नाडी मंदावू शकते. ब्रिमोनिडिन प्रसूतीच्या आसपास आणि अंगावर पाजताना टाळतात, कारण नवजात बाळाला गुंगी येते. जे औषध चालू ठेवायचं ठरेल ते आधी बाळाला पाजून मग टाकावं आणि कोपरा न चुकता दाबावा.

ऑपरेशन आहे, डोळ्याचं नाही. भूलतज्ज्ञांना थेंबांबद्दल सांगायचं?

हो, आणि बाटली दाखवायची. टिमोलॉल घेणाऱ्याची नाडी भुलीत जास्त मंदावू शकते. तीव्र अ‍ॅलर्जीचा झटका आलाच तर अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शनही अशा माणसावर नेहमीइतकं चालत नाही. थेंब बंद करायचे की नाही हे ते आणि नेत्रतज्ज्ञ ठरवतील. बहुतेकदा ते चालूच ठेवायला सांगतात.

त्रास होतोय. थेंब आजच बंद करू का?

धाप, छातीत घरघर, शुद्ध हरपणं, नाडी फार मंद, ओठ-जीभ सुजणं, तोंडात फोड: यांपैकी काही असेल तर पुढचा थेंब टाकू नका आणि लगेच इस्पितळात जा. बाटली बरोबर न्या. बाकी कशासाठीही, म्हणजे थकवा, कोरड, झोप, उदासी, मुंग्या यांसाठी थेंब मनानं बंद करायचे नाहीत. काचबिंदूत दाब पुन्हा चढला तरी सहसा दुखत नाही, दिसण्यातही काही दिवस फरक कळत नाही, आणि गेलेली नजर परत येत नाही. फोन करून विचारा, बहुधा त्याच आठवड्यात दुसरं औषध मिळेल. टिमोलॉल रक्तातून एक-दोन दिवसांत निघून जातं, त्यामुळे धाप किंवा मंद नाडी त्यामुळेच असेल तर लवकर फरक पडतो. डोळ्यावरचा परिणाम मात्र काही आठवडे रेंगाळतो. म्हणून "थेंब सोडले तरी दाब नॉर्मलच आला" या आठवड्याभरानंतरच्या आकड्यावर जाऊ नका.

थेंब सोसतच नसतील तर दुसरा मार्ग आहे?

डोळ्यातलं पाणी जिथून बाहेर जातं तो कोन उघडा असेल तर एसएलटी नावाचं लेझर आहे. दवाखान्यात काही मिनिटांत होतं, भूल म्हणजे फक्त थेंबाची. ब्रिटनमधल्या 'लाइट' या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. त्यात सुरुवातच लेझरनं केलेल्यांपैकी सुमारे ७४ टक्के लोकांचा दाब तीन वर्षांनंतर थेंबांशिवाय काबूत होता. परिणाम काही वर्षांनी ओसरू शकतो, मग ते पुन्हा करता येतं. कोन बंद होत असलेल्या प्रकारात, जो आपल्याकडे बऱ्याच जणांना असतो, लेझर वेगळं लागतं. तेव्हा "माझा कोन उघडा आहे की अरुंद?" हा प्रश्न पुढच्या तपासणीला विचारा आणि उत्तर फाईलवर लिहून घ्या. त्याच फाईलच्या पहिल्या पानावर गोळ्यांच्या यादीत थेंबांचं नाव, टक्केवारी आणि सुरू केल्याची तारीखही लिहा.